डेक्सा नीट करून घ्यायचा, नीट वाचायचा आणि पुढच्या डेक्साशी ताडून बघायचा

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, आणि टी-स्कोअर हा तिचा मुख्य आकडा; तो जितका खाली, तितकी घनता कमी. समजा टी-स्कोअर -२.६ आला, औषध सुरू झालं. दीड वर्षाने घराजवळच्या दुसऱ्या सेंटरवर पुन्हा तपासणी केली, तो -२.९ आला, औषध बदललं. त्या दीड वर्षात हाडांत खरोखर काय झालं, ते या दोन आकड्यांवरून सांगताच येत नाही. मशीन वेगळं, टेबलावर झोपवण्याची पद्धत वेगळी, कदाचित ज्यांच्याशी तुलना केली ती माणसंही वेगळी. वजनकाटा बदलला की अर्धा-एक किलो इकडेतिकडे होणार हे आपण सहज धरून चालतो. हाडांच्या घनतेत मात्र दशांशाचा फरकही खरा मानून औषधं बदलली जातात.

आई, आजी किंवा वडिलांना तपासणीला घेऊन जाणाऱ्या घरच्यांसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठी हे लिहिलं आहे. शेवटचा भाग डेक्सा सेंटर चालवणाऱ्यांसाठी आहे, पण तो घरच्यांनीही वाचावा. सेंटरला कोणते प्रश्न विचारायचे, ते त्यातून कळतं.

तपासणी कोणाची करायची

आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार ६५ वर्षांवरच्या सगळ्या बायकांची आणि ७० वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांची घनता मोजावी. पण तोवर थांबू नये अशी माणसं बरीच असतात: पाळी ४५ च्या आत गेलेली बाई, तीन महिने किंवा जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारा दम्याचा वा संधिवाताचा पेशंट, आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असलेले, स्तनाच्या कॅन्सरसाठी लेट्रोझोलसारखी गोळी चालू असलेल्या, प्रोस्टेटसाठी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं घेणारे, थायरॉइड हार्मोन वाढलेले, आणि सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेले.

आशियाई बायकांसाठी एक सोपा हिशोब आहे, त्याला ओस्टा म्हणतात. वजनातून (किलो) वय (वर्षं) वजा करायचं आणि ०.२ ने गुणायचं. वय ६५, वजन ४८ किलो असेल तर ४८ - ६५ = -१७, आणि ०.२ ने गुणून -३.४. उत्तर -१ च्या वर असेल तर धोका कमी, -१ ते -४ मध्ये मध्यम, -४ च्या खाली जास्त. हे निदान नव्हे. डेक्साला आधी कोणाला पाठवायचं, एवढंच यातून ठरतं. दवाखान्यात कागदाच्या कोपऱ्यावर दहा सेकंदांत होणारा हिशोब आहे, म्हणून तो करावाच.

एक गोष्ट फार वेळा सुटते. मोरीत पाय घसरला, उभ्या उंचीवरून पडणं झालं आणि खुबा मोडला, किंवा वाकून बादली उचलताना मणका दबला, तर ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं) निदान तिथेच झालं. टी-स्कोअर -१.८ आला तरी ते बदलत नाही. खुब्याला सळई बसते, टाके निघतात, पेशंट घरी जातो आणि हाड मोडलंच का, हे कोणी बघत नाही. डिस्चार्जच्या वेळी हा प्रश्न घरच्यांनी स्वतःहून विचारावा.

शिबिरातली टाचेची तपासणी

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा औषधाच्या दुकानाबाहेर मोफत बीएमडी (हाडांची घनता) शिबिर असतं. तिथे टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवतात आणि दोन मिनिटांत टी-स्कोअरची चिठ्ठी मिळते. हे मशीन अल्ट्रासाउंडचं असतं. ध्वनिलहर टाचेतून किती वेगाने जाते आणि किती क्षीण होते, एवढं ते मोजतं. ऑस्टिओपोरोसिसच्या निदानाची -२.५ ची रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घातली ती डेक्सासारख्या घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी. टाचेच्या आकड्याला ती रेघ लावता येत नाही. त्या चिठ्ठीवरून औषध सुरू करू नये आणि औषधाचा गुण येतोय का, हे तर त्यावरून अजिबात ठरवू नये. चिठ्ठी वाईट आली तर डेक्सा करावा. चांगली आली आणि धोक्याची कारणं असली, तरीही करावा.

भिंतीशी उभं करून उंची मोजा

मणक्याची दबलेली हाडं साधारण तीनपैकी दोन वेळा कोणाच्या लक्षातच येत नाहीत. कंबर दुखते, वयाने दुखतेय म्हणून बाम लावला जातो. अशी दबलेली हाडं सापडवण्याचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे घरातली भिंत.

सकाळी, उठून तासाभरात मोजा. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते, म्हणून वेळ कायम तीच ठेवा. पाय अनवाणी, अंबाडा सोडलेला. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक धरा. त्याची एक बाजू भिंतीला पूर्ण चिकटली पाहिजे, नाहीतर ते तिरकं होतं आणि अर्धा सेंटिमीटर तिथेच जातो. पेन्सिलची खूण करा, पेशंटला बाजूला घ्या, पुन्हा उभं करा, पुन्हा खूण. असं तीनदा करून सरासरी काढा, तारखेसह लिहून ठेवा. स्टीलची टेप वापरा. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते.

तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त घट असेल, किंवा एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन उंचींमध्ये २ सेंटिमीटर किंवा जास्त घट असेल, तर मणक्याचा बाजूने एक्स-रे किंवा डेक्सा मशीनवरच होणारी व्हीएफए (दबलेले मणके शोधणारी) तपासणी मागा. तरुणपणीची उंची आठवत नसेल तर दुसऱ्या खुणा विचारा. परकर लांब व्हायला लागले म्हणून दोरे घालून आखूड केले का? ओट्यावरच्या फळीवरचा डबा पूर्वी हाताला यायचा, आता स्टूल लागतं का?

भिंतीशी उभं असतानाच आणखी दोन गोष्टी बघून घ्या. डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज टेकते का? टेकत नसेल तर वरच्या पाठीतले मणके दबलेले असू शकतात. मग मागे उभं राहून दोन्ही हात कुशीत घालून बघा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यात किती बोटं मावतात. दोन किंवा कमी मावत असतील तर कमरेचे मणके तपासायला हवेत.

तपासणीला जाताना

उपाशी राहायची गरज नाही. पण आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवा. न विरघळलेली गोळी पोटात मणक्यासमोर आली की तिची घनता मणक्याच्या घनतेत मिसळते. बेरियम पाजून एक्स-रे काढला असेल किंवा सीटी स्कॅनसाठी डाय दिला असेल तर दोन आठवडे थांबा. दिवस राहिल्याची शक्यता असेल तर तपासणी पुढे ढकला.

अंगावर काय आहे ते निघण्यापूर्वीच बघा. परकराचा हुक, निऱ्यांची सेफ्टी पिन, कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा, चांदीचा करदोटा, दंडातला किंवा कमरेचा ताईत, पँटची झिप, खिशातली नाणी, कमरेचा पट्टा. करदोटा आणि ताईत काढायला वयस्कर माणसं तयार नसतात, म्हणून घरीच शांतपणे समजावून सांगावं. तिथे टेबलावर घाई होते आणि तो तसाच राहून जातो. नाडीचा पायजमा किंवा साधा गाऊन घातला तर निम्मा प्रश्न सुटतो.

जुना रिपोर्ट, खुब्यात किंवा मणक्यात बसवलेलं काही असेल तर त्याची माहिती, आणि औषधांची यादी बरोबर घ्या. किरणांची भीती असेल तर एवढं सांगा: हा डोस छातीच्या एक्स-रेपेक्षा जास्त नसतो, आपल्याला निसर्गातून काही दिवसांत जेवढा मिळतो त्याच पट्टीतला असतो.

कमरेचे मणके आणि खुबा दोन्ही मोजून घ्या. फक्त एका जागेचा रिपोर्ट अर्धा आहे. दोन्ही खुब्यांत इम्प्लांट असेल, वजन टेबलाच्या मर्यादेपलीकडे असेल किंवा पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं असेल तर हाताचंही (मनगटाच्या वरच्या भागातलं रेडिअस हाड) मोजतात.

चित्र आधी, आकडा नंतर

रिपोर्टमध्ये दोन छोटी करडी चित्रं असतात. बहुतेक जण ती न बघता थेट खालचा रंगीत आलेख बघतात. चित्रं आधी बघा, ती वाचायला डॉक्टर असावं लागत नाही.

मणक्याच्या चित्रात कणा मधोमध आणि सरळ उभा दिसला पाहिजे. खाली दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडाचे वरचे काठ, आणि वर शेवटच्या बरगड्यांचा थोडा भाग दिसावा. कणा तिरका असेल, किंवा मणक्यांवर पांढराशुभ्र ठिपका वा रेघ असेल, तर ती पिन, हुक किंवा गोळी आहे का ते विचारा.

खुब्याच्या चित्रात मांडीचं हाड चित्राच्या कडेला समांतर, सरळ उभं असलं पाहिजे. पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधतात, साधारण १५ ते २५ अंश. ते नीट वळलं की मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा (लेसर ट्रोकँटर) जेमतेम दिसतो. तो मोठा, टोकदार दिसत असेल तर पाय पुरेसा वळलेला नाही आणि खुब्याच्या मानेची घनता चुकीची आलेली असू शकते. पुढच्या वेळी पाय नीट वळवला तरी आकडा बदलेल आणि तो औषधाचा गुण किंवा अवगुण समजला जाईल. गुडघे आखडलेल्या माणसाचा पाय वळत नाही, तेव्हा टेक्निशियनने तशी नोंद करायला हवी.

आता मणक्यांचा तक्ता. एल१ ते एल४ अशा चार मणक्यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. समजा ते असे आहेत: एल१ -२.९, एल२ -२.८, एल३ -२.६, एल४ -०.९. एकत्रित आकडा साधारण -२.३ छापला जाईल आणि खाली लिहिलेलं असेल ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे घनता कमी पण ऑस्टिओपोरोसिसइतकी नाही. पण एल४ हा शेजारच्या एल३ पेक्षा १ हून जास्त वर आहे. एकट्या एल४ मधलं हाड एवढं मजबूत कसं? बहुधा तिथे झिजेमुळे हाडाची वाढ झाली आहे, किंवा तो मणका दबून दाट झाला आहे. नियम असा की शेजारच्यापेक्षा १ हून जास्त फरकाचा मणका वगळायचा आणि उरलेल्यांवर आकडा काढायचा. इथे एल१ ते एल३ धरले की -२.८ येतो, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. किमान दोन मणके उरले पाहिजेत. एकाच मणक्यावर निदान करत नाहीत, तेव्हा खुब्याचा आकडा वापरतात.

साठी ओलांडलेल्या माणसाच्या कमरेत झीज असतेच. म्हणून या वयात मणक्याचा चांगला आकडा पाहून निश्चिंत होऊ नका, खुब्याला जास्त वजन द्या.

पट्ट्या अशा आहेत: -१ आणि वर सामान्य, -१ ते -२.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया, -२.५ आणि खाली ऑस्टिओपोरोसिस. मणका, खुब्याची मान आणि संपूर्ण खुबा यांपैकी सर्वांत खालचा आकडा निदानाला धरतात. या पट्ट्या पाळी गेलेल्या बायका आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आहेत. पाळी चालू असलेल्या बाईचा किंवा चाळिशीतल्या पुरुषाचा टी-स्कोअर बघायचाच नाही, झेड-स्कोअर बघायचा, म्हणजे आपल्याच वयाच्या माणसांशी तुलना. तो -२ किंवा खाली असेल तर ‘वयाच्या मानाने कमी’ एवढंच म्हणतात आणि कारण शोधायला घेतात.

रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत संदर्भ लोकसंख्या छापलेली असते. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी माणसांच्या सरासरीपासून आपण किती दूर आहोत ते माप. ती तरुण माणसं कुठली धरली, यावर तो बदलतो. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१० मध्ये भारतीय तरुणांची आकडेवारी प्रसिद्ध केली. अमेरिकन गोऱ्या बायकांच्या आकडेवारीशी लावला तर त्याच बाईचा टी-स्कोअर आणखी खाली जातो. दोन रिपोर्टमध्ये संदर्भ वेगळा असेल तर टी-स्कोअरची तुलना सोडून द्या.

बारीक चणीच्या माणसाबद्दल एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. डेक्सा सावली मोजतो, जाडी त्याला कळत नाही. एकाच दगडातून कापलेले दोन ठोकळे घ्या, एक १ सेंटिमीटरचा, एक २ सेंटिमीटरचा. दगड तोच, पण मोठ्याच्या सावलीतल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे दुप्पट वस्तुमान आहे. म्हणून पावणेपाच फुटांच्या सडपातळ बाईचं हाड चांगलं असूनही आकडा खाली येऊ शकतो. तिच्या बाबतीत वय, आधीचं फ्रॅक्चर आणि इतर कारणं बघूनच ठरवावं लागतं.

त्यासाठी फ्रॅक्स नावाचं मोफत गणित इंटरनेटवर आहे. ४० ते ९० वयाच्या माणसाला पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती, ते टक्क्यांत मिळतं. भारताची आवृत्ती निवडा आणि खुब्याच्या मानेची घनता भरा, मणक्याची नव्हे. दोन मर्यादा लक्षात असू द्या. टाइप २ मधुमेहाला त्यात रकाना नाही, आणि मधुमेहात हाडं घनता बरी असूनही मोडतात. म्हणून काही डॉक्टर त्या जागी संधिवाताच्या रकान्यावर खूण करतात. दुसरं, स्टेरॉइडचा डोस विचारला जात नाही. रोज प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर खरा धोका दाखवल्यापेक्षा जास्त समजावा.

दुसरा डेक्सा: फरक खरा की मोजणीतला?

एकाच बाईला टेबलावरून उतरवून पाच मिनिटांनी पुन्हा झोपवलं तरी आकडा तंतोतंत तोच येत नाही. हाड तेच असतं, मोजणी हलते. ही हालचाल प्रत्येक सेंटरने आपल्या मशीनवर, आपल्या टेक्निशियनच्या हातून मोजून ठेवायची असते. तिच्यावरून निघणाऱ्या मर्यादेला एलएससी म्हणतात, म्हणजे ‘खरा म्हणता येईल असा किमान बदल’. फरक तिच्यापेक्षा कमी असेल तर बदल झाला नाही असंच वाचायचं.

समजा पहिल्या वेळी मणक्याची घनता ०.७४२ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर होती, दुसऱ्या वेळी ०.७२१. घट ०.०२१, म्हणजे २.८ टक्के. सेंटरची एलएससी ०.०३० असेल तर ही घट मोजणीच्या हालचालीत बसते. औषध फसलं असं म्हणता येत नाही आणि ते बदलूही नये. औषध चालू असताना घनता स्थिर राहणं हाच बऱ्याचदा चांगला निकाल असतो, कारण औषध नसतं तर ती घसरली असती.

म्हणून दुसऱ्या वेळी एवढं सांभाळा: तेच सेंटर, तेच मशीन, तोच खुबा, तेच मणके, शक्य असेल तर तोच टेक्निशियन. तुलना टी-स्कोअरची नाही, ग्रॅमच्या आकड्यांची. होलॉजिक आणि जीई लुनार या दोन कंपन्यांच्या मशीनवर एकाच मणक्याचे ग्रॅमचे आकडे १० टक्क्यांहून जास्त वेगळे येतात, लुनारचे वर. शहर बदललं आणि मशीन बदललं तर नवा रिपोर्ट ही नवी सुरुवात धरा, जुन्याशी वजाबाकी करू नका. मणका आणि संपूर्ण खुबा या दोन जागा तुलनेला चांगल्या. खुब्याच्या मानेची जागा छोटी, ती जास्त हलते.

औषध सुरू केल्यावर दुसरा डेक्सा एक ते दोन वर्षांनी. सहा महिन्यांनी करून काही कळत नाही, पैसे जातात आणि काळजी वाढते. अपवाद स्टेरॉइडचा: जास्त डोस चालू असताना घनता झपाट्याने घसरते, तिथे सहा ते बारा महिन्यांनी करतात.

औषधाआधीचं रक्त

घनता कमी म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, असं नाही. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत हाड भरपूर तयार होतं पण त्यात कॅल्शियम बसत नाही, ते मऊ राहतं. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात आणि डेक्सावर तोही अगदी तसाच दिसतो. घराबाहेर फारसं न पडणाऱ्या, अंग पूर्ण झाकून वावरणाऱ्या बायकांमध्ये हा विचार आधी करावा. मांड्या आणि नितंब दुखणं, जिना चढताना किंवा खालून उठताना हात टेकावा लागणं, बदकासारखी चाल, या त्याच्या खुणा. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं, फॉस्फरस आणि बऱ्याचदा कॅल्शियम कमी, पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं. अशा माणसाला झोलेड्रॉनिक अॅसिडचं (हाडांची झीज थांबवणाऱ्या औषधाचं) सलाइन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं. आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढायचं. त्यानेच घनता बरीच वर येते आणि कधीकधी दुसरं औषध लागतही नाही.

म्हणून औषधाआधी हे रक्त हवंच: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन, टीएसएच, हिमोग्रॅम आणि ईएसआर. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम दुरुस्त करून वाचा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, मोजलेल्या कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम ८.० आणि अल्ब्युमिन ३.० असेल तर खरं कॅल्शियम ८.८. उतारवयात मणका दबला आहे, हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर खूप वाढलेला आहे, तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करा. मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर असाच कंबरदुखीच्या वेषात येतो.

तीन महिन्यांत कळायचं असेल तर

डेक्साला वर्ष लागतं. रक्तातले दोन पदार्थ औषधाचं काम तीन महिन्यांत सांगतात. सीटीएक्स हाड झिजताना सुटतो, पी१एनपी हाड बनताना. औषधाआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, त्याच लॅबमध्ये करा.

सीटीएक्सचं रक्त सकाळी उपाशीपोटी, दहाच्या आत द्यायचं. दिवसभरात तो बराच वरखाली होतो आणि खाल्लं की खाली येतो. दुधाचा चहाही खाण्यातच धरा. पी१एनपीला उपवासाची गरज नाही, म्हणून लांबून येणाऱ्या पेशंटसाठी तो सोयीचा. केस गळतीसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही मशीनवर त्यामुळे आकडा खोटा येतो. गेल्या काही महिन्यांत हाड मोडलं असेल तर दोन्ही वाढलेले दिसतात, ते भरून येत असलेल्या हाडाचं असतं. किडनी बरीच खराब असेल तर सीटीएक्स साठतो.

अॅलेंड्रोनेटसारख्या झीज थांबवणाऱ्या औषधावर सीटीएक्स किमान १०० नॅनोग्रॅम प्रति लिटरने खाली यावा किंवा २८० च्या खाली जावा. पी१एनपी किमान १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरने खाली यावा किंवा ३५ च्या खाली जावा. एकक तपासून घ्या: लॅबने नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये दिला असेल तर २८० म्हणजे ०.२८. टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन हाड बनवतं, त्यावर पी१एनपी १० ने तरी वाढला पाहिजे.

खाली आला नाही तर औषध बदलण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते विचारा. आठवड्याची ७० मिलिग्रॅमची अॅलेंड्रोनेट गोळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. आधी चहा झालेला असतो, किंवा तिच्याबरोबरच कॅल्शियमची गोळी जाते. मग औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ पोचतच नाही. वर्षभर इमाने गोळी घेऊन गुण नाही, यामागे बऱ्याचदा हा सकाळचा चहा असतो.

औषधागणिक काय बघायचं

अॅलेंड्रोनेट पाच वर्षं आणि झोलेड्रॉनिक अॅसिड तीन वर्षं झाली की थांबून हिशोब करतात: पुन्हा डेक्सा, पुन्हा उंची, मध्ये फ्रॅक्चर झालं का ते. बरीच वर्षं ही औषधं घेणाऱ्याला जांघेत किंवा मांडीत बोथट दुखत असेल तर दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढा. मांडीच्या हाडाला मधोमध तडा जाण्याचा दुर्मीळ प्रकार असाच सुरू होतो.

डेनोसुमॅबची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. ते हाडांची झीज थांबवणारं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आहे. सातवा महिना उलटला की झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. गावी गेलो, पैसे नव्हते, बरं वाटत होतं म्हणून राहिलं, असं यात चालत नाही. बंद करायचं असेल तर डॉक्टर त्याजागी दुसरं औषध देतात.

पोटाचा सीटी स्कॅन दुसऱ्याच कारणासाठी झालेला असेल तर रेडिऑलॉजिस्टला एल१ मणक्याच्या आतल्या भागाचा एचयू (सीटीवर घनता मोजण्याचं एकक) आकडा विचारा. डाय न देता काढलेल्या स्कॅनमध्ये तो १६० च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता कमी, ११० च्या खाली असेल तर डेक्सा करायला हवा. किडनी स्टोनसाठी काढलेल्या शेकडो फिल्ममध्ये ही माहिती नुसती पडून असते.

सेंटर चालवणाऱ्यांसाठी

फँटम म्हणजे मशीनबरोबर आलेला कृत्रिम मणका. तो रोज पेशंट घेण्याआधी, निदान आठवड्यातून एकदा तरी, स्कॅन करा आणि आकडा आलेखावर मांडा. सरासरीपासून १.५ टक्क्यांहून जास्त सरकला तर पुन्हा घ्या. तरीही तसाच आला तर इंजिनिअर येऊन जाईपर्यंत पेशंट घेऊ नका. हळूहळू एकाच दिशेला सरकणारा आलेख जास्त धोक्याचा, कारण रोजच्या आकड्यात तो जाणवत नाही.

एलएससी काढायला ३० पेशंट दोनदा किंवा १५ पेशंट तीनदा स्कॅन करा, त्यांची संमती घेऊन. दोन स्कॅनच्या मध्ये पेशंट टेबलावरून पूर्ण उतरला पाहिजे. झोपलेल्यालाच पुन्हा स्कॅन केलं तर मांडणीची चूक मोजलीच जात नाही आणि एलएससी खोटी चांगली येते. दोनदा केलं असेल तर प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक १.४१४ ने भागा, उत्तराचा वर्ग करा, सगळ्यांच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्या. ही झाली चूक. तिला २.७७ ने गुणलं की एलएससी. चूक मणक्यावर १.९, संपूर्ण खुब्यावर १.८ आणि खुब्याच्या मानेवर २.५ टक्क्यांहून जास्त असेल तर टेक्निशियनला पुन्हा शिकवा. म्हणजे एलएससी अनुक्रमे ५.३, ५.० आणि ६.९ टक्क्यांच्या आत हवी. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा वापरू नका; तो तुमच्या टेक्निशियनचा नाही. दोन टेक्निशियन असतील तर दोघांची चूक काढून सरासरी घ्या, आणि नवा माणूस आला की पुन्हा काढा.

रिपोर्टवर मशीनचं मॉडेल, कोणता खुबा, कोणते मणके धरले आणि का वगळले, संदर्भ लोकसंख्या आणि तुमची एलएससी ग्रॅममध्ये छापा.

मशीन बदलताना: त्याच पद्धतीचं नवं मशीन असेल तर फँटम दोन्हींवर दहा-दहा वेळा स्कॅन करा आणि सरासरीत १ टक्क्याहून जास्त फरक असेल तर कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. कंपनीच बदलत असेल तर जुनं मशीन उचलून नेण्याआधी ३० पेशंट त्यावर एकदा आणि नव्यावर दोनदा, ६० दिवसांच्या आत स्कॅन करा आणि त्यावरून रूपांतर काढा. हे राहून गेलं असेल तर जुन्या रिपोर्टशी तुलनेचा रकाना कोरा सोडा आणि तिथे लिहा: ‘मशीन बदलले, ही नवी सुरुवात.’